करकोच्यांची फिर्याद

माझा राग आमच्या घरात प्रसिद्ध आहे. नवरा म्हणतो, हिला राग यायला कारण लागत नाही आणि मुहूर्तही लागत नाही. म्हणू दे. त्या शनिवारी मात्र कारण होतं, आणि ते आमच्या देवळाच्या अंगणात आडवं पडलं होतं.

मी बारामतीत राहते, हायस्कूलात मराठी शिकवते. माहेर इंदापूर तालुक्यात, बावड्याच्या अलीकडे. आमचं घर पणजोबांपासून ख्रिस्ती. गावात अशी थोडकीच घरं आहेत, त्यांना मिळून आम्ही ‘मंडळी’ म्हणतो, आणि आमच्या दगडी चर्चला सगळा गाव देऊळच म्हणतो. बाकी आम्ही शेजाऱ्यांसारखेच. आमचाही ऊसच, आम्हीही कारखान्याचे सभासद, आणि कालव्याच्या पाळीवरून बांधावर भांडायला आम्हीही मागे नसतो. दर वर्षी ईस्टर झाला, ऊस तुटून गेला, ज्वारी घरात येऊन पडली, की देवळात कापणीचा सण होतो. रानानं वर्षभरात जे दिलं त्यातलं काहीतरी प्रत्येक घरानं आणायचं आणि वेदीसमोरच्या मेजापुढं ठेवायचं. ठेवताना मोठ्यानं सांगायचं, काय आणलं आणि कुठल्या रानातलं. उपासना संपली की त्या वस्तूंचा तिथंच लिलाव होतो, आणि मग अंगणातल्या चिंचेखाली पंगत बसते. त्या पंगतीला आम्ही प्रीतिभोजन म्हणतो. लिलावाचा एक नियम मोडलेला मी कधी पाहिलेला नाही. मेजापुढं एकदा ठेवलेली वस्तू देवाची झाली, ती माघारी न्यायची नाही. भोपळा किडका निघाला तरी कोणीतरी बोली लावतो आणि हसत हसत घरी घेऊन जातो.

ती चिंच देवळाहून जुनी आहे. थंडी सरत आली की तिच्यावर करकोचे उतरतात. पुस्तकात त्यांना चित्रबलाक म्हणतात, गावात कोणी म्हणत नाही. लांब पिवळी चोच, नारिंगी तोंड, आणि शेपटीपाशी गुलाबी पिसं, जशी कोणी मिरवणुकीच्या गडबडीत गुलाल सांडून गेलं असावं. उन्हाळ्यात उजनी धरणाचं पाणी मागं सरतं, उथळ डबक्यांत मासे अडकतात, आणि पिल्लांना भरवायला ह्या पक्ष्यांना तोच हंगाम बरा पडतो. ईस्टरपर्यंत घरट्यांत पिल्लं ओरडायला लागतात. अंगणाला मासळीचा वास येतो आणि खालची फरशी पांढरी होते. आम्ही लहानपणापासून डोक्यावर टॉवेल घेऊनच देवळात जात आलो आणि त्यात कोणाला काही विशेष वाटलं नाही.

त्या वर्षी सणाचं स्तोत्रवाचन माझ्याकडे होतं. स्तोत्र मीच निवडलं होतं, सृष्टीचं. बायबलातल्या त्या इब्री, म्हणजे हिब्रू भाषेतल्या स्तोत्रांवर माझा फार जीव आहे. ती लिहिणारी माणसं हिरव्यागार मुलखातली नव्हती. कालवा येण्याआधी आमचा भाग जसा होता तशाच कोरड्या, दगडी रानातली होती. म्हणून ओढ्याला पाणी आलं की त्यांना देव आठवायचा. त्या स्तोत्रात रानगाढवं पाणी पितात, डोंगरावर बकऱ्या चढतात, सिंहाची पिल्लं देवाकडं खायला मागतात. माणूस येतो तो मध्येच कुठंतरी, कारखान्याच्या पाळीसारखा. रात्रपाळी सिंहांची, दिवसपाळी माणसाची. ह्याहून जास्त मान त्याला तिथं नाही. आणि त्याच स्तोत्रात करकोचाही आहे, उंच झाडावर त्याचं घर आहे, आणि ते झाड देवानं लावलेलं आहे. हे वाचताना खिडकीबाहेर खरेच करकोचे दिसतात, असं देऊळ साऱ्या महाराष्ट्रात आमचंच असेल, असा मला गर्व होता.

शनिवारी दुपारी बारामतीहून इंदापूर आणि तिथून बावड्याची एसटी पकडून मी गावात उतरले. देवळाजवळ येताच करवतीच्या मशीनचा आवाज ऐकू आला. आत शिरले तर अंगणावर येणारी चिंचेची अख्खी बाजू तोडून झाली होती. फांद्यांचा ढीग भिंतीला लागला होता. वर आकाशात करकोचे घिरट्या घालत होते, आणि खाली दादा, म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ, मंडपवाल्याला खांब कुठं रोवायचे ते दाखवत होता. दादा आमच्या मंडळीचा मुख्य पंच आहे.

मी पिशवीही खाली ठेवली नाही. राग आला की माझी भाषा गावाकडं पळते.

“दादा, घरट्यात पिल्लं हायती,” मी म्हणाले.

“व्हती,” दादा म्हणाला.

त्या एका शब्दासाठी मी त्याला अजून माफ केलेलं नाही. तो क्रूर माणूस नाही, हे मला सांगायची गरज नाही, मी त्याच्या पाठीवर बसून ओढा ओलांडला आहे. पण त्या क्षणी तो मंडपाची उंची मोजत होता आणि त्याच आवाजात त्यानं मला उत्तर दिलं. मग त्यानं कारणं सांगितली. गेल्या सणाला पाहुण्यांच्या ताटात घाण पडली होती. यंदा जिल्ह्याहून मोठे पाहुणे येणार होते. मंडपाच्या कापडाचे डाग धुऊन निघत नाहीत. पंचांची बैठक झाली होती, चिंचेच्या सगळ्याच फांद्या उतरवायला सगळ्यांनी हात वर केले होते. अंधार पडेल म्हणून मशीनवाला आजचं काम थांबवणार होता, उरलेली बाजू सोमवारी सकाळी उतरवायची होती. त्या उरलेल्या बाजूवर अजून घरटी होती आणि घरट्यांत पिल्लं होती.

मी विचारलं, पाखरं उडून जाईपर्यंत दोन-तीन महिने थांबता आलं नसतं का. दादा म्हणाला, सण काय आषाढात करायचा का मग? आजूबाजूचे हसले. मी म्हणाले, सोमवारी मशीन यायच्या आधी मी वनखात्याला फोन करते. तेव्हा कोणी हसलं नाही. दादानं माझ्याकडं बघितलं आणि सगळ्यांदेखत विचारलं, सख्ख्या भावावर केस घालणार का तू. आई बाजूला उभी होती. तिनं माझा दंड धरला आणि मला ढिगाकडं ओढून नेलं.

आईनं ऐंशी ओलांडलेली आहे. तिनं फांद्या उपसायला सुरुवात केली. मीही वाकले. काय काय सापडलं ते मी इथं लिहीत नाही, कारण ते वाचून कोणाला वाईट वाटलं तरी त्याचा आता काही उपयोग नाही. एक पिल्लू जिवंत होतं. पांढऱ्या लवेचं, मोठ्या काळ्या चोचीचं, अजिबात देखणं नाही. ते आईच्या बोटाला चावलं. आईनं घरून कोंबड्या झाकायचं डालगं आणलं, त्यात त्याला ठेवलं, आणि बाकीची आम्ही दोघींनी कुंपणाजवळ पुरली. माती टाकताना ती एवढंच म्हणाली की तुझा दादा लहानपणी असा नव्हता. मला तेही नको होतं. आयांना नेहमी लहानपणचं काहीतरी सापडतं.

संध्याकाळी मी पाळकसाहेबांकडं, म्हणजे आमच्या देवळाच्या धर्मगुरूंकडं गेले. ते तरुण आहेत, गोड बोलतात, आवाज चांगला आहे. मी त्यांना सांगितलं की उरलेल्या फांद्या वाचवा, तुमचा शब्द पंच मोडणार नाहीत. त्यांनी मला चहा दिला. म्हणाले, ताई, झाड परत फुटतं. म्हणाले, उद्या उपकारस्तुतीचा दिवस आहे, मनात कटुता ठेवून पवित्र वचन वाचू नये. आणि देवाची प्रीती एवढी मोठी आहे की त्यात हेही सामावतं, असंही म्हणाले.

ह्या वाक्यानं मी पेटले. देवाची प्रीती म्हणजे काय आमच्या घरची गोधडी आहे, की जे दाखवायचं नाही त्यावर ओढून टाकावी? मी त्यांना विचारलं, साहेब, दुसऱ्या दोन स्तोत्रांत रानातली सगळी झाडं आनंदानं गातात, नद्या टाळ्या वाजवतात, ते कशासाठी, तेवढं सांगा. ते म्हणाले, देव येतो आहे म्हणून. मी म्हणाले, कशाला येतो आहे? त्यांना पाठ होतं, सगळ्यांनाच पाठ आहे. न्याय करायला येतो आहे. रविवारच्या शाळेत आम्ही ते चालीवर म्हणायचो, टाळ्या वाजवत, आणि झाडांचं आम्हाला किती कौतुक वाटायचं. न्यायाधीश येणार म्हटल्यावर कोणाला आनंद होतो, हे आम्हाला कोणी विचारलं नाही. ज्याची फिर्याद पडून आहे त्याला होतो. झाडांची फिर्याद आहे, म्हणून झाडं गातात. आणि आरोपी कोण, ते मी पाळकसाहेबांना सांगितलं नाही, कारण ते माझ्या मुलापेक्षा फार मोठे नव्हते.

रात्री आम्ही पिल्लाला भिजवलेल्या सुकटीचे तुकडे भरवले. निम्मं त्यानं बाहेर टाकलं.

रविवारी देऊळ भरलं होतं. दाराला ऊस बांधला होता, मेजापुढं ज्वारीची कणसं, भोपळे, केळीचे घड, अंडी, पाय बांधलेले कोंबडे. मोठे पाहुणे पहिल्या बाकावर बसले होते. बाहेर मंडपात कापड पांढरंशुभ्र होतं, आणि त्यावर एकही डाग नव्हता. मी वाचायला उभी राहिले. पाण्याचं वाचलं, डोंगरांचं वाचलं, रानगाढवांचं वाचलं. करकोच्याची ओळ आली आणि मी पुस्तक मिटलं.

मी काय बोलले ते थोडक्यात सांगते, कारण मी फार बोलले नाही. म्हणाले, पुढची ओळ करकोच्याच्या घराची आहे. ते घर काल दुपारपर्यंत बाहेर होतं. देवानं लावलेल्या झाडावर देवानं ज्याला राहायला ठेवलं होतं, त्याला आपण पंगतीसाठी काढलं, आणि त्या पंगतीचं नाव आपण प्रीतिभोजन ठेवलं आहे. ही स्तोत्रं लिहिणाऱ्यांनी देवाची दया आभाळाएवढी सांगितली आणि त्याच दमात त्याचा न्याय डोंगराएवढा सांगितला, आणि तो माणसांनाही वाचवतो आणि जनावरांनाही, असं सांगितलं. आपण त्यातली दया तेवढी ठेवून घेतली. ही ओळ मी वाचणार नाही. ज्याला वाचता येत असेल त्यानं यावं आणि वाचावी.

कोणी आलं नाही. मी जागेवर जाऊन बसले. शेजारच्या काकूंनी माझ्यापासून पदर सावरून घेतला. पाळकसाहेबांनी घाईनं भजन सुरू केलं, पेटीवाल्यानं सूर चुकवला.

अर्पणाची वेळ आली. एकेक घर उठून मेजाकडं जात होतं. आमच्या घराचं अर्पण दर वर्षी दादा नेतो. त्या दिवशी दादा उठायच्या आत आई उठली. डालगं तिनं पदराखाली घेतलं होतं. मला तिनं काही सांगितलेलं नव्हतं, मी शपथेवर सांगते. तिनं डालगं भोपळ्यांशेजारी ठेवलं, कंबरेवर हात ठेवून सरळ उभी राहिली आणि रिवाजाप्रमाणं मोठ्यानं बोलली.

“हे आपल्या आवारातलं पीक हाय. कालच्या तोडीतलं.”

आत पिल्लू ओरडलं. भूक लागलेल्या करकोच्याच्या पिल्लाचा आवाज ज्यांनी ऐकला नाही त्यांना सांगते, तो आवाज केविलवाणा नसतो. तो भांडल्यासारखा असतो. पाळकसाहेबांच्या सबंध प्रवचनभर ते ओरडत राहिलं, आणि प्रवचन कशावर होतं ते आज कोणालाही आठवत नाही.

लिलाव दादा पुकारतो. भोपळे गेले, केळी गेली, कोंबड्यांवर नेहमीसारखी चढाओढ झाली, पण हसणं नव्हतं. शेवटी डालगं उरलं. दादा त्याच्यापाशी येऊन थांबला. मोठ्या पाहुण्यांनी हळूच सुचवलं की हे बाजूला ठेवा. दादा त्यांना म्हणाला की मेजापुढचं बाजूला ठेवता येत नाही. मग त्यानं डालगं उचललं आणि पुकारा केला. सगळ्या देवळात कोणी बोली लावेना. त्यानं पुन्हा पुकारा केला. लोक फरशीकडं बघत बसले. जे किडके भोपळे हसत हसत घरी न्यायचे, तेच हे लोक. माझ्या मनात आलं, देवा, ह्या सगळ्यांना बघ, नीट बघून ठेव. इतका राग मला माझ्या माणसांचा कधी आला नव्हता.

दादानं तिसऱ्यांदा पुकारा केला, आणि मग स्वतःच बोली लावली. स्वतःच “एक, दोन, तीन” म्हटलं. डालगं काखेत घेतलं आणि बाहेर गेला. पंगतीला तो बसला नाही, आईही बसली नाही, मीही नाही. जाताना तो मंडपवाल्याला म्हणाला की मशीनवाल्याला कळव, उद्या यायचं नाही.

इथं खरं तर सगळं गोड व्हायला हवं होतं. मंडळीचं मत तसंच होतं. अर्धी चिंच राहिली, पंचांनी माघार घेतली, झालं की तुझ्या मनासारखं, असं मला जो तो सांगत होता. काकूंनी तर क्षमेवर बोधही केला. अर्ध्या झाडाला न्याय दिला म्हणून उरलेल्या अर्ध्याचं कोणी विचारू नये, हा हिशेब मला कळत नाही. भावाला मारून भावाच्या पोराला खाऊ दिला तर त्याला कोणी क्षमा म्हणतं का? मी तशीच रागात बारामतीला परतले.

पुढचं मला वहिनीकडून फोनवर कळत गेलं. दादानं पिल्लू घराच्या गच्चीवर ठेवलं. रोज सकाळी तो मोटारसायकल काढून भीमेच्या काठाला मासेमारी करणाऱ्यांकडं जायचा आणि चिलापी मासे घेऊन यायचा. घरात मासळीचा वास सुटला, तर वहिनीला म्हणाला की सुटू दे. उसाला पाणी द्यायची पाळी त्यानं त्या दिवसांत एकदा चुकवली, आणि पाळी चुकवणारा दादा वहिनीनं लग्नापासून पाहिला नव्हता. गच्चीवर उभा राहून तो चिंचेवरच्या मोठ्या करकोच्यांना हात करायचा म्हणे, की बाबांनो, तुमचं हितं हाय, घेऊन जा. ते आले नाहीत. पिल्लाचा एक पाय पडताना मोडला होता, ते कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. काही दिवसांनी ते मेलं. दादानं मला ते सांगितलं नाही. वहिनीनं सांगितलं, आणि हेही सांगितलं की तो त्या दिवशी जेवला नाही. मला वाईट वाटलं. त्याच वेळी असंही वाटलं की बरं झालं, कळू दे त्याला. दोन्ही खरं आहे, आणि मी त्यातलं एक लपवणार नाही.

उरलेल्या फांद्यांवरची पिल्लं पावसाळ्यात मोठी होऊन उडाली. दादानं पंचांची बैठक घेऊन ठराव केला की चिंचेला कोणी हात लावायचा नाही, आणि मंडप ह्यापुढं देवळाच्या मागं घालायचा. चांगला ठराव होता. मी मनातल्या मनात त्याला नावं ठेवणं थोडं कमी केलं.

यंदा थंडी सरली. उजनीचं पाणी मागं हटायला लागलं. एका संध्याकाळी दादाचा फोन आला. आमच्यात त्या सणापासून कामापुरतंच बोलणं होतं. त्यानं आधी आईच्या गुडघ्यांचं सांगितलं, मग कारखान्याचं, मग उगाच अंथुर्ण्याच्या कुठल्या तरी सोयरिकीचं. मी वाट बघत राहिले. शेवटी म्हणाला, करकोचे आले नाहीत. आधी वाटलं उशीर झाला असेल, पण दुसरीकडं उतरलेत, तलावाकडच्या बाभळींवर दिसतात, देवळावरून जातात आणि खाली बघत नाहीत. फरशी अगदी स्वच्छ आहे, म्हणाला. काही लोक खूश आहेत.

माझ्याकडं बोलण्यासारखं पुष्कळ होतं. वर्षभर मी त्याची तयारी केली होती, एकेक वाक्य घासून ठेवलं होतं, आणि आता ऐकायला तो आपणहून आला होता. मी तोंड उघडलं, तेवढ्यात तोच बोलला, आणि त्याच्या आवाजात वाद नव्हता, तो खरोखर विचारत होता.

“बाई, तू शिकल्याली हायस. त्यांनला कळवायचं कसं गं, की आता झाड तोडणार न्हाय म्हणून?”